ऐकून घेणाऱ्याचा हेवा

मधुकर,

परवा तुझ्या जलदान विधीला घरात माणसं मावत नव्हती. आत भन्तेजींची वंदना चालू होती आणि मी बाहेर चपलांच्या ढिगाशी उभा राहून किती लोक आले ते मोजत होतो. खोटं कशाला सांगू, मोजतच होतो. छापखान्यातले झाडून सारे आले होते. वस्तीत तू संध्याकाळी शिकवायचास ती पोरं आता बाप्ये झालीत, तीही आली होती. हुडकेश्वरहून एक बाई आली होती, तिला तर लीलावहिनीही ओळखत नव्हत्या. कोणीतरी विचारलं, "कोन वं बाई तू?" ती म्हणाली, "मास्तर मले बसस्टँडवर भेटले होते. दोनदाच भेटले. पन त्याईनं माह्यं सारं आयकून घेतलं होतं." एवढं बोलून ती वहिनींच्या गळ्यात पडली आणि घरच्या माणसासारखी रडली.

मला त्या क्षणी काय वाटलं, ते आज तुला सांगतो. मी मेल्यावर अशी एक तरी अनोळखी बाई येईल का, असं वाटलं. दुःख त्याच्या मागून आलं.

दोन शब्द बोला म्हणून सगळ्यांनी मला आग्रह केला. बोलणं हा माझा प्रांत, हे सगळ्यांना ठाऊक. मी हात जोडले. बोललो असतो तर 'कालकथित मधुकर हे अत्यंत मितभाषी व मनमिळाऊ होते' असलं काहीतरी तोंडातून निघालं असतं, आणि तू प्रूफरीडरच्या पेन्सिलीने त्यातला 'अत्यंत' कापला असतास. म्हणून आज लिहायला बसलोय. लिहिताना मध्ये कोणी टाळ्या वाजवत नाही, तेव्हा खरं लिहिता येईल असं वाटतं.

शाळेपासून आपण एका बाकावरचे. मी नागपूरच्या महाल भागातला, तू इंदोरा वस्तीतला. तुझ्या घरच्यांनी दीक्षा घेतली, त्यानंतर दसऱ्याची सुटी संपून शाळा भरली तेव्हा मी तुला एका दमात वीस प्रश्न विचारले होते. काय झालं तिथं, किती लोक होते, आता तुमचे देव कुठले, तुझी आई काय म्हणाली. एकाही उत्तरासाठी मी थांबलो नाही. तू हसून म्हणालास, "तू पयले संपव, मंग सांगतो." मी काही संपवलं नाही आणि ते तू मला कधी सांगितलं नाहीस. तुझ्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट, आणि ती मला वर्गातल्या दुसऱ्या मुलांकडून कळली. त्यांना तू सांगितली होतीस. तेव्हापासूनचं आहे हे.

माझ्या आईचं तर तुला ठाऊकच आहे. तू पहिल्यांदा आमच्याकडे आलास तेव्हा तिने तुला वेगळ्या कपात चहा दिला. ते तुला कळलं, मलाही कळलं. मी गप्प बसलो आणि तू चहा पिऊन तो कप विसळून ठेवलास. पुढे तीच आई तू आलास की तुला तासन्‌तास सोडायची नाही. शेवटच्या दुखण्यात मी उशाशी बसलेलो होतो, तर डोळे उघडून म्हणाली, "मधुकर नाही का रे आला?"

मी म्हणालो, "मी आहे ना आई."

"तू आहेसच रे. पण तू लगेच औषध सांगतोस."

हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू काही बोलला नसतास, नुसता माझ्याकडे पाहत राहिला असतास, आणि मला तेच नको होतं.

पण आज मला लिहायचंय ते छापखान्याबद्दल. शेषरावांबद्दल.

आपल्याकडे फोटोकंपोझिंगचं यंत्र आलं त्या साली मी कामगार अधिकारी होतो आणि तू प्रूफरीडर. तोवर आपला सगळा मजकूर हाताने जुळायचा. लाकडी केसच्या खणांतून शिशाचा एकेक खिळा उचलायचा, डाव्या हातातल्या स्टिकमध्ये बसवायचा, ओळ भरली की पुढची ओळ. सतरा कंपोझिटर होते. त्यांच्यात शेषराव सर्वांत जुने. खाप्याच्या विणकराचा मुलगा, चौदाव्या वर्षी नागपुरात आला आणि केसपुढे उभा राहिला तो चाळीस वर्षं उभाच होता. त्यांचा शब्द खात्यात कोणी ओलांडत नसे.

आता खिळे जाऊन टाइपरायटरसारखा कीबोर्ड येणार होता. समोर पडदा, आणि मजकूर फोटोच्या कागदावर उमटून बाहेर. मालकांनी एकालाही कमी करणार नाही असा शब्द दिला होता. शिकवायला माणूस येणार होता. काचेची थंडगार खोली बांधून तयार होती. मी सूचना फलकावर कागद लावला, शिकू इच्छिणाऱ्यांनी खाली सह्या कराव्यात म्हणून. पंधरा दिवस तो कागद कोरा राहिला. एकाने फक्त कोपऱ्यात शाईचा अंगठा उमटवला होता, तोही बहुधा चुकून.

मग मी सभा घेतली. तक्ते केले होते, जगात छपाई कुठे चालली आहे ते समजावून सांगितलं. गणपत कंपोझिटर उठला आणि म्हणाला, "साहेब, त्या खोलीत चारच जनं बसतीन, मंग बाकीचे..." "पाळ्या लावू," मी म्हणालो. दुसरा उठला, "साहेब, त्या थंडीत..." "स्वेटर देऊ." त्या सभेत सात प्रश्न आले आणि सातही प्रश्नांची उत्तरं मी प्रश्न संपायच्या आत दिली. सभा पाऊण तासात उरकली म्हणून मी खूश होतो. दुसऱ्या दिवशी कागद कोराच.

त्याच सुमारास मी आणखी एक नोटीस काढली. कंपोझिंग खात्यात कामाच्या वेळी कुजबुज फार चालते असं माझ्या लक्षात आलं होतं. वरच्या मजल्यावरच्या माझ्या खिडकीतून दिसायचं, शेषरावांच्या शेजारी उभा असलेला गणपत सारखा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतोय. कामाच्या वेळी आपसांत बोलू नये, अशी नोटीस. ती लागली आणि खात्याचं काम एकदम मंदावलं. मला वाटलं, मुद्दाम करून राहिलेत. मालकांनाही तसंच वाटलं. ते म्हणाले, "एक महिना. त्यानंतर मी टायपिंग क्लासमधली नवी पोरं घेतो. मग या सतरा जणांचं काय करायचं ते तुम्हीच मला सांगा."

त्या संध्याकाळी तू वर आलास. दारातच उभा राहिलास.

"दिनू, मले आठ दिवस दे. टिफिनच्या सुटीत मी खाली त्याईच्यात बसतो."

"काय सांगणार आहेस त्यांना?"

"सांगनार काही नाही."

"मग?"

"मंग काही नाही. बसतो."

मला हसू आलं. पुण्याच्या शिबिरात मी हाच विषय शिकून आलो होतो. कामगारांचं म्हणणं कसं ऐकून घ्यावं, यावर तीन दिवस व्याख्यानं झाली होती. समोरच्याच्या डोळ्यांत पाहावं, मधून मधून मान हलवावी, त्याचे शब्द त्याला परत म्हणून दाखवावेत. माझ्याकडे सुवाच्य अक्षरात टिपणं होती. ती मी तुला दिली. दुसऱ्या दिवशी तू ती परत आणून दिलीस, ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका दुरुस्त करून. म्हणालास, "चांगलं हाय. पन याच्यात ऐकनारा लय काम करून राहिला गा."

त्या आठ दिवसांत माझा टिफिन मी खिडकीशी उभा राहून खाल्ला. खाली केसच्या रांगांमध्ये सतरा जण वर्तमानपत्राचे कागद पसरून बसलेले, आणि त्यांच्यात तू. तू मान हलवत नव्हतास. जेवत होतास. कोणी बोलायला लागला की तुझा घास हातात थांबायचा, एवढंच. तिसऱ्या दिवशी ते सगळे कशावर तरी खदखदून हसले. माझ्या दहा वर्षांच्या नोकरीत ते माझ्यासमोर कधी हसले नव्हते. मी खिडकी लावून घेतली. मग पुन्हा उघडली.

गणपतचं तू मला नंतर सांगितलंस, त्याला विचारून. तो तुला म्हणाला होता, "मास्तर, मले त्या मशीनचं भेव वाट्टे." तू विचारलंस, "बिघडन म्हनून?" "नाही." "आपल्या हातानं जमनार नाही म्हनून?" "तसं नाही गा." मी असतो तर इथे त्याला धीर दिला असता. तू म्हणालास, "मंग मले नाही समजलं. पुन्हा सांग." तेव्हा त्याने सांगितलं, की शिकवणीनंतर परीक्षा आहे, नापास झाला तर फलकावर नाव लागेल, आणि त्याची पोरगी त्याच वर्षी मॅट्रिकला बसली होती. बापलेक एकाच वर्षी परीक्षेला, आणि ती पास आणि हा नापास, तर घरात तोंड कसं दाखवायचं. तू म्हणालास, "म्हंजे मशीनचं नाही, त्या फलकाचं भेव हाय." तो म्हणाला, "हां. हेच."

एवढंच होतं ते, मधुकर. परीक्षेची आणि फलकाची कल्पना माझी होती. शिबिरातून आणलेली.

सहाव्या दिवशी खाली कोणी हसत नव्हतं. शेषराव बोलत होते. ते कधी चार वाक्यांच्या वर बोलत नसत. त्या दिवशी सुटीची घंटा झाली तरी बोलत होते, आणि कोणी जागचं उठलं नाही. मी पाहिलं, तू भाकरीचा तुकडा खाली ठेवलास. बोलणं संपल्यावर तू त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवलास आणि उठून आपल्या टेबलाशी जाऊन प्रूफं वाचायला लागलास. मी पाच वाजेपर्यंत तुझी वाट पाहिली. तू वर आला नाहीस.

आठव्या दिवशी आलास, तीन गोष्टी घेऊन. परीक्षा नको. पाळ्या कशाही लावा, पण टिफिनची सुटी सगळ्यांना एकाच वेळी. आणि तिसरं म्हणजे हातजुळणीचे दोन केस राहू द्यायचे, लग्नपत्रिकांसाठी, आणि तिथे शेषराव आणि गणपत. "एवढं कर. सोमवारी पंधराच्या पंधरा जनं सह्या करतीन."

मी म्हणालो, "पहिली दोन मान्य. तिसऱ्याचं कारण?"

"ते सांगता येत नाही."

"म्हणजे? मला मालकांपुढे कागद ठेवायचाय. कारण लिहावं लागेल."

"कागदावर आलं का ते संपलं, दिनू."

"तुला सांगितलंय ना त्यांनी? मग मला का नाही? मी अधिकारी आहे तिथला."

"म्हनूनच."

मी तुला काय काय बोललो ते मला आठवतं. तू पुढारी व्हायला निघालास, म्हणालो. तुझं काम ऱ्हस्वदीर्घ पाहायचं आहे, म्हणालो. आणि एक वाक्य असं होतं की ते मी इथे लिहीत नाही. त्यात तुझ्या वस्तीचं नाव होतं. तू सगळं ऐकून घेतलंस. तुझं हे ऐकून घेणं त्या दिवशी मला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. निघताना तू म्हणालास, "मले सांगितलं अस्तं त्याईनं कोनाले सांग म्हनून, तं पयले तुलेच सांगितलं अस्तं."

तू गेल्यावर मी खाली गेलो. तुला जमतं ते मला का जमू नये? शेषरावांना बाजूला घेतलं, स्टुलावर बसवलं, समोर बसलो. त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. म्हणालो, "शेषराव, मला तुमचं मन ऐकायचंय." आणि थांबलो. खरंच थांबलो. मान हलवत राहिलो, शिबिरात शिकवल्याप्रमाणे, समजुतीने, हळूहळू. शेषराव माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी पाहत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "बरं हाय, साहेब." आणि उठून गेले.

मग मी तुझ्या तिन्ही गोष्टी कागदावर लिहिल्या. वर लिहिलं, 'माझ्या सूचना.' कारण म्हणून लिहिलं, लग्नपत्रिकेच्या ग्राहकांना हातजुळणीचं काम पसंत पडतं. मालकांना पटलं. सोमवारी कागदावर पंधरा सह्या होत्या. सहा आठवड्यांत यंत्र सुरळीत चालू झालं, कुजबुजीची नोटीस मीही विसरून गेलो, एकही माणूस घरी गेला नाही, आणि वर्षाच्या आत मला व्यवस्थापक केलं. तू टेबलाशी येऊन म्हणालास, "चांगलं झालं गा." मी तुझ्या चेहऱ्यावर राग शोधला. कुचकेपणा शोधला. काहीतरी सापडलं असतं तर मला तुझ्याबरोबरीने बसता आलं असतं.

चार वर्षांनी शेषराव निवृत्त झाले. खालच्या खात्यातच समारंभ केला. हार, शाल, नारळ. मी भाषण केलं, चांगलं झालं. शेषराव दोन शब्द बोलले आणि खुर्चीतून उठून चाचपडत पुढे आले. "मास्तर कुठं हायेत?" त्यांनी विचारलं. कोणीतरी म्हणालं, "हे काय, तुमच्या पुढंच." आपण दोघं शेजारी शेजारी उभे होतो. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि जो हात लागला तो धरला. तो माझा होता.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमी आयकून घेतलं म्हनून मी आज हार घालून घरी चाल्लो. नाही तं चार वर्सं पयलेच काठी घेऊन गेलो अस्तो. माह्या डोयाचं तुमी कोनाले कयू देलं नाही." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते डोळे माझ्या गळ्याशी कुठेतरी लागले होते.

मला तेव्हा कळलं. सगळं एकदम कळलं. काचबिंदू होता. यंत्र आलं त्याच्या आधीच दोन वर्षांपासून त्यांना मजकूर वाचता येत नव्हता. खण बोटांना पाठ, खिळा कुठल्या अंगाने धरायचा ते बोटांना पाठ. मजकूर गणपत कानाशी वाचायचा आणि हे जुळवायचे. ती कुजबुज. ती बंद करायची नोटीस मी काढली होती. आणि सतरा माणसं यंत्रापुढे बसायला तयार नव्हती, कारण बसली असती तर पहिल्याच दिवशी एक माणूस उघडा पडला असता. पत्रिकेचा मजकूर तर शेषरावांना झोपेतही येत होता, नवरानवरीची नावं तेवढी गणपतने सांगायची.

त्यांनी माझा हात दाबला. मी बोललो असतो तर आवाजावरून त्यांना कळलं असतं. म्हणून मी गप्प राहिलो. त्यांचा हात परत दाबला. तू माझ्याकडे पाहिलंस, मग खाली पाहिलंस. आजूबाजूचे सोळा जण पाहत होते. कोणीही काही बोललं नाही. तू बोलत नव्हतास म्हणून ते बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी आपण चहाच्या टपरीवर बसलो. मी विचारलं, "त्या सहाव्या दिवशी कळलं ना तुला?"

"पयलेच कयलं होतं," तू म्हणालास. "प्रूफावरून. नजर चुकते तं घ चा ध होते, भ चा म होते. शेषरावनं जुळवलेल्या गॅलीत तशी चूक येनं बंद झालं होतं. एका दिवशी कळमेश्वरची बातमी होती, अन् त्याईनं 'कयमेश्वर' जुळवलं. डोयानं अशी चूक होत नाही, दिनू. कानानं होते."

"मग तेव्हाच का नाही विचारलंस?"

"मले कयनं वेगयं अन् त्याईनं मले सांगनं वेगयं."

आणि मग आपला तो वाद, जो शेवटपर्यंत मिटला नाही. मी म्हणालो, कागद कापायच्या यंत्राशेजारून तो माणूस रोज ये-जा करत होता. त्याचा हात गेला असता तर? जबाबदारी माझी होती, आणि मलाच अंधारात ठेवलंस. तू म्हणालास, गणपत नेहमी बरोबर असायचा, आणि तूही पाहत होतास. मी म्हणालो, पाहून अपघात टळत नाहीत. तू म्हणालास, "तुले सांगितलं अस्तं तं तू काय केलं अस्तं?" मी चहाचे पैसे काढायला लागलो. खरं उत्तर असं होतं की मी त्यांना नियमाप्रमाणे घरी पाठवलं असतं, पत्र फार सहानुभूतीचं लिहिलं असतं. तरीसुद्धा, मधुकर, त्या वादात माझं अगदीच चूक नव्हतं. आजही मला तसं वाटतं. तुझ्या नशिबाने काही झालं नाही, एवढंच. बघ, तू गेलास तरी मी भांडतोच आहे.

त्या हाताबद्दल मात्र आपण बोललो नाही. त्या टपरीवर नाही आणि नंतरच्या तीन वर्षांतही नाही. मी बोलणार होतो. दवाखान्यात तुझ्या खाटेशी बसलो होतो तेव्हा शब्द अगदी तोंडाशी आले होते. तू विचारलंस, "काय म्हनतो गा?" आणि मी तुला कुठल्या डॉक्टरकडे जायला हवं ते सांगायला लागलो.

काल मी खाप्याला गेलो. शेषरावांना कोणी कळवलंच नव्हतं. ते तिथेच कन्हान नदीच्या बाजूला मुलाच्या घरी असतात, आता अजिबात दिसत नाही. सून मला आत घेऊन गेली, म्हणाली, "मामाजी, नागपूरचे साहेब आले." ते बाजेवर उठून बसले. तू गेल्याचं मी सांगितलं. त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितला. मग म्हणाले, "कसे गेले ते सांगा."

मी सांगायला लागलो. तुझं दुखणं, शेवटचे दिवस, वहिनी, ती हुडकेश्वरची बाई. ते मध्ये एक शब्द बोलत नव्हते. सुनेने चहा आणला, तो निवला. कधी ते मला कळलं नाही, पण मी तुझ्यावरून माझ्यावर आलो. परीक्षेचा फलक, 'माझ्या सूचना', तुला बोललेलं ते वाक्य, जे मी इथे लिहिलं नाही, तेही त्यांना सांगितलं. आणि शेवटी म्हणालो, "शेषराव, निरोपाच्या दिवशी तुम्ही धरलात तो हात मास्तरांचा नव्हता. माझा होता. मी सांगितलं नाही."

त्यांनी मान वर केली. मला वाटलं, आता हे मला घरातून जा म्हणतील. तसं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

"मास्तर कुठं होते तवा?" त्यांनी विचारलं.

"माझ्या शेजारीच."

"त्याईनं पाह्यलं?"

"पाहिलं."

"अन् काही बोल्ले नाही?"

"नाही."

शेषराव थोडे हसले. हात पुढे करून त्यांनी माझा हात शोधला, आणि या वेळी कोणाचा आहे ते ठाऊक असताना धरला.

"मंग ते त्याईनं तुमाले देऊन टाकलं, साहेब. ठेवा आता."

परतीच्या बसमध्ये नागपूर येईपर्यंत मी तुझ्यावर चिडलेलो होतो. घरी येऊन रडलो. तुझी एकच गोष्ट माझ्याकडे होती, चोरलेली म्हणून तीन वर्षं जिवापाड लपवलेली, आणि तीही तूच दिलेली निघाली. आता मी तुझा हेवा करू तरी कशाचा, मधुकर? आणि न करता राहू तरी कसा?

दिनू